राहीबाई, वय पासष्ट

तारकपूर स्टँडच्या बाहेर भाऊसाहेबांनी लेकीला पहिली हाक मारली तेव्हा ती रसवंतीकडे तोंड करून उभी होती. ती वळली नाही. दुसरी हाक त्यांनी टेम्पोच्या खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून मारली, आणि तिसरी इतक्या जोरात की शेजारच्या रिक्षावाल्याने मळलेली तंबाखू तळहातावर तशीच ठेवून वर पाहिलं. शुभांगी आपली चरकातून निघणाऱ्या चिपाडांकडे बघत उभी. तेवढ्यात रस्त्याच्या पलीकडून तिच्या वर्गातली मनवा ओरडली, "ए राहीबाई, माझ्यात बर्फ नको सांग!" आणि शुभांगीची मान गर्रकन वळली. वळताना वाटेत बाप दिसला.

"कवाधरनं हाका मारतोय," टेम्पोतून उतरत भाऊसाहेब म्हणाले. "कान बसलं का काय तुजं?"

"गाड्यांचा आवाज लई हाय ना आबा."

"अन ती पोरगी कुनाला म्हनली राहीबाई?"

शुभांगी जराशी घुटमळली. "हाय एक आमची पेशंट," ती म्हणाली.

भाऊसाहेबांना हे इतकं आवडलं की हाकांचं ते विसरूनच गेले. तिसगावचा कांदा नेप्तीच्या मार्केटला उतरवून ते परत निघाले होते. त्यांनी भाकरी-चटणीचं फडकं लेकीच्या हातात ठेवलं, म्हातारी माणसं किरकिर करतात, त्यांच्याशी गोडीनं बोलत जा, असं बजावलं आणि करंजीच्या घाटात अंधार व्हायला नको म्हणून लगेच गाडी वळवली. जाता जाता रिक्षावाल्याला म्हणाले, "नर्स हाय आमची पोरगी." रिक्षावाल्याने मान डोलावली. टेम्पो दिसेनासा झाला तरी शुभांगी फडकं छातीशी धरून उभीच होती. खोटं ती बोलली होती ते गाड्यांच्या आवाजाबद्दल. हाका तिला ऐकू आल्या होत्या, तिन्ही. कुणीतरी कुणाला तरी बोलावतंय हे तिला नीट कळलं होतं, आणि जी कोण शुभांगी असेल तिने एकदाची ओ द्यावी, बिचाऱ्या माणसाचा घसा सुकला असेल, असंही तिच्या मनात येऊन गेलं होतं. आता तिला ते आठवलं. बापाचा आवाज होता तो. मनवा रस्ता ओलांडून आली, रसवंतीच्या फळीवरून आपला ग्लास उचलला आणि म्हणाली, "चल, बस तिथे बाकावर. तुझ्याशी एक काम आहे, आणि नाही म्हणायचं नाही."

हे सगळं सुरू झालं कोरोनानंतर कॉलेज उघडलं तेव्हापासून. उघडलं असं आपलं म्हणायचं. शुभांगीच्या दृष्टीने ते तेव्हा पहिल्यांदाच झालं. नर्सिंगला तिचा नंबर लागला तो मोबाईलवर, स्वागत समारंभ झाला मोबाईलवर, आणि नाडी, ताप, श्वास, जखमेचं ड्रेसिंग हे सगळं ती घरामागच्या पाण्याच्या टाकीला टेकून, जिथे रेंज येते त्या वीतभर सावलीत बसून मोबाईलवरच शिकली होती. पडद्यावर बाकीच्या पोरींचे चेहरे दिसायचे आणि तिच्या जागी एक काळा चौकोन, त्यात पांढरा श. "शुभांगी, कॅमेरा ऑन कर," असं सुनीती मॅडम म्हणायच्या आणि ती लिहून पाठवायची, रेंज नाही मॅडम. ते खरं होतं, पण पुरतं खरं नव्हतं. पावसापाण्याचं घरात बसावं लागे तेव्हा तिच्या मागे भिंत यायची, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, शेजारी बुद्धाची तसबीर आणि खाली आईची चूल. भाऊसाहेब म्हणायचे, "चालू कर की कॅमेरा. दिसू दे की आपलं घर, काय चोरीचं हाय का?" तिने एकदा चालू केला होता. पडद्यावर आपल्या तोंडामागे तो निळा कोट दिसला मात्र, आणि कुणाचं लक्ष जायच्या आत तिने बोट दाबून पुन्हा सगळं काळं केलं. आबा दारातच उभे होते.  या एका गोष्टीची शुभांगीला जेवढी लाज वाटे तेवढी आयुष्यात दुसऱ्या कशाची वाटली नव्हती, आणि तरीही दुसऱ्या दिवशी तिने कॅमेरा बंदच ठेवला.

म्हणून वर्ग भरला त्या सकाळी ती बॅग घेऊन दारात उभी राहिली तेव्हा आत सगळ्या एकमेकींच्या गळ्यात पडत होत्या. नगरच्या, सावेडीच्या, भिंगारच्या पोरी वर्षभर एकमेकींच्या घरी जाऊन असाइनमेंट करत होत्या, त्यांचे वाढदिवस झाले होते, भांडणं होऊन मिटलीही होती. तोंडावर मास्क असूनही त्यांना एकमेकींचे डोळे ओळखीचे होते. मनवा तिच्यापाशी आली ती हसतच. "तू ती श का गं? आमच्यात पैज लागली होती, तू खरी आहेस की नाही म्हणून. पूर्ण नाव सांग ना." पूर्ण नाव सांग ना. हा प्रश्न शुभांगीला शाळेपासून पाठ होता. विचारणारं तोंड नेहमी गोड असतं आणि कान आडनावाची वाट बघत असतात. मनवाच्या मनात तसलं काही नसेलही, पण शुभांगीची जीभ सवयीने मागे सरली. "शुभांगीच," ती म्हणाली. "बरं," मनवा म्हणाली आणि मैत्रेयीच्या नव्या बुटांकडे वळली. कुणी तिला वावगं बोललं नाही, कुणी बाकावरून उठून गेलं नाही, हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे कुणाला तरी दोष द्यावासा वाटेल आणि द्यायला असा कुणी सापडणार नाही. सगळ्या चांगल्या होत्या. डबे उघडले की बाजूच्या घोळक्यातून कुणीतरी म्हणे, "घे ना गं तूही," आणि ती पुढे होईपर्यंत घोळक्याची पाठ बंद झालेली असे. ती भाकरी मोडून खायची, खिडकीबाहेर बघायची, आणि संध्याकाळी आईला फोनवर सांगायची की लई मैत्रिणी झाल्यात.

आणि मग लॅब. या कॉलेजात एक पद्धत होती. लॅबमधल्या डमीला नाव होतं, राहीबाई. वय पासष्ट, गाव शेवगावकडचं, दोन मुलगे, गुडघेदुखी जुनी. कॉलेज सुरू केलं त्या मेट्रनबाईंनी घालून दिलेला नियम असा की राहीबाईला हात लावण्याआधी तिला नमस्कार करायचा आणि आपलं नाव सांगायचं. नमस्कार राहीबाई, मी तुमची नर्स, माझं नाव अमुक, आता मी तुमची नाडी बघणार आहे. हे न म्हणता जी रबरी मनगट धरेल तिचे मार्क गेलेच. वर्षानुवर्षं पोरी तिच्याशी बोलत आल्या होत्या, कुणी तिला हिरव्या बांगड्या घातल्या होत्या, कुणी संक्रांतीचा तिळगूळ उशाशी ठेवत असे. मग टाळं लागलं. दोन वर्षांनी लॅब उघडली तेव्हा राहीबाईचं रबर उन्हाने विरघळून गादीला चिकटलं होतं आणि पोट उंदरांनी कुरतडलेलं. लॅबच्या मावशी, रतनबाई, यांनी तिला खरवडून काढून पोत्यात भरलं. "ज्याला त्याला हिच्यावर शिकविलं, अन हिच्याकडं बघाया कुनी आलं न्हाई," असं म्हणत त्या पोतं ओढत घेऊन गेल्या आणि फरशीवर त्याचा एक ओरखडा राहिला. नवी डमी मंजूर झाली आहे असं सांगण्यात आलं. म्हणजे यंदा ती येणार नव्हती.

सुनीती मॅडम रिकाम्या खाटेपाशी उभ्या राहून म्हणाल्या, "एक जण झोपा बरं." जोड्या आधीच लागलेल्या होत्या. प्रत्येकीने आपल्या जोडीदारणीचा हात धरला. शुभांगी खाटेच्या कडेला एकटी उभी होती, आणि तिला वाटलं की सगळ्या आपल्याकडे बघायच्या आत आपणच झोपलेलं बरं. ती झोपली. गादीला अजून रबराचा वास येत होता. "हं, कोण आहे ही?" मॅडमनी वर्गाला विचारलं, आणि वर्ग एका सुरात ओरडला, "राहीबाई!" हशा झाला. शुभांगीही हसली. मग मनवा पुढे आली, मास्कमागे हसू दाबत तिने तिचं मनगट दोन बोटांत धरलं आणि म्हणाली, "नमस्कार राहीबाई. मी तुमची नर्स, माझं नाव मनवा." त्या वर्गात शुभांगीला कुणी आपणहून आपलं नाव सांगण्याची ती पहिली वेळ. बोटं उबदार होती. त्यानंतर एकामागून एक सगळ्या आल्या, सगळ्यांनी नमस्कार केला, सगळ्यांनी नावं सांगितली, आणि छताच्या पंख्याकडे बघत पडलेल्या शुभांगीच्या डोळ्यांत पाणी आलं. ते कानाकडे ओघळलं तर मैत्रेयीने कापसाने टिपलं. "पेशंटला धीर द्यावा," मॅडम म्हणाल्या. मैत्रेयीने तिच्या खांद्यावर हात ठेवून धीर दिला.

तिला आईची आठवण झाली. मोबाईलवर स्पंज बाथ शिकवला त्या दिवशी तिने चांगुणाबाईंना बाजेवर निजवलं होतं. आई आधी खुदूखुदू हसत होती, काय गं ही थेरं, कुनी बघितलं तर काय म्हनंल. शुभांगी एकेक हात कोमट पाण्याने पुसत गेली, बोटांच्या बेचक्यातून, कोपराच्या काळ्या घट्ट्यावरून, मग पाठ, मग भेगाळलेल्या टाचा; आणि मध्येच बघते तर आईचा डोळा लागलेला. उन्हातान्हात कांदे काढणारी बाई भरदुपारी झोपली होती. उठल्यावर ओशाळून म्हणाली, "लई बरं वाटलं गं. आसं आंग कुनी पुसलं न्हवतं कधी." त्या वेळी शुभांगीला वाटलं होतं, हेच आपलं काम. याच्यासाठीच आपले हात आहेत. आता खाटेवर पडल्या पडल्या तिला आईची ती झोप समजत होती. आपल्याला हात लावणारं कुणीतरी असावं आणि आपण काही करायचं नसावं, यात किती सुख आहे हे तिला कळत होतं, आणि त्या सुखाची तिला मनातून भीतीही वाटत होती, कारण ते खाटेवरून उतरलं की संपायचं.

संपू नये म्हणून म्हणा किंवा संपवता येईना म्हणून म्हणा, ती झोपत राहिली. ताप बघायचा राहीबाईचा, डोकं धुवायचं राहीबाईचं, कुशीवर वळवून चादर बदलायची ती राहीबाईच्या खालची. पेशंटने मदत करायची नाही असा नियम. अंग सैल सोडायचं. बाकीच्या झोपल्या की गुदगुल्या होऊन हसत, ही हलत नसे. मधूनमधून मॅडमना आठवण यायची. "आता हिलाही करू द्या गं." लगेच गलका व्हायचा, मॅडम, मग झोपणार कोण, हिच्यासारखं कुणाला जमतच नाही. आणि एकदा, एकदाच, मॅडमनी खरोखर नेट लावला आणि तिच्या हातात थर्मामीटर दिला, तेव्हा शुभांगी स्वतःच म्हणाली, "असू दे मॅडम. मी झोपते." ते वाक्य तिच्या तोंडून इतकं सहज निघालं की ते आपलं नव्हेच असं तिला वाटलं. मॅडमनी तिच्याकडे जरा निरखून पाहिलं. पण त्यांना पुढचा धडा संपवायचा होता, विद्यापीठाची तारीख आली होती, आणि वर्गाला पेशंटची गरज होतीच.

हळूहळू लॅबच्या बाहेरही ती राहीबाईच झाली. मेसमध्ये, "राहीबाईला पोळी वाढा हो, म्हातारीचे दात नाहीत." जिन्यात, "सावकाश उतरा आजी." हे सगळं प्रेमाने. घोळक्याची पाठ आता तिच्यासाठी उघडायची, मध्ये जागा व्हायची, कुणी तिच्या केसांना तेल लावून द्यायचं. मनवाच्या फोनवर तिचा नंबर राहीबाई पेशंट असा होता, ते तिने पाहिलं आणि तिला बरं वाटलं. निदान नंबर होता. आडनाव कुणी विचारत नव्हतं, राहीबाईला आडनाव लागत नव्हतं. फक्त काही गोष्टी तिला खटकायला लागल्या, आणि त्या कुणाला सांगाव्यात हे कळेना. एक तर खाटेवर असताना पोरी तिच्यासमोर वाटेल ते बोलत, कुणाचं कुणावर प्रेम आहे, कुणाच्या घरी काय चाललंय, अगदी वर्गातल्या त्या गावाकडच्या मुली कशा तेलकट वेण्या घालतात तेही. ऐकणारं कुणी आहे हे त्यांच्या लक्षातच नसे. दुसरं, नाडी. सुरुवातीला सगळ्यांना तिची नाडी चटकन सापडायची. अलीकडे दोन दोन मिनिटं मनगट दाबून पोरी म्हणत, "लागतच नाहीये गं, कुठे गेली हिची?" मग हसून वहीत मागचाच आकडा लिहीत. होस्टेलच्या न्हाणीघरात दाराला कडी घालून शुभांगीने स्वतः आपली नाडी शोधून पाहिली. मनगटावर, मग मानेला. नळाला थेंब थेंब पाणी गळत होतं. तिला सापडली नाही. सापडली नाही ती आपल्याला शोधताच येत नाही म्हणून, हे तिने स्वतःला बजावलं. वर्षभरात आपण एकाही माणसाची नाडी धरलेली नाही, मग सापडणार कशी. हे कारण तसं पटण्यासारखं होतं. पण त्याने धीर आला नाही, उलट दुसरीच भीती मनात शिरली, कारण आदल्या संध्याकाळी घराबाहेर चिंचेखाली बसून आईने फोनवर विचारलं होतं, "विंजेक्षन देती का गं आता?" आणि ती "देते की" म्हणाली होती, आणि आईने ते शेजारणीला ओरडून सांगितलेलं तिला ऐकू आलं होतं. गुडघा दुखायला लागला होता, डावा. तिचं वय एकोणीस. आणि सकाळी तिची खोलीतली जोडीदारीण मैत्रेयी अंथरुणात उठून बसलेली असे आणि म्हणे, "तू झोपेत कूसपण बदलत नाहीस गं. उताणी, हात बाजूला, चादर अशी छातीपर्यंत. मला भीती वाटते, शपथ."

रसवंतीच्या बाकावर मनवाने रस संपवला आणि काम सांगितलं. सोमवारी प्रॅक्टिकल, बाहेरून परीक्षक येणार. सगळं झालंय, एक राहिलंय. डेड बॉडी केअर. मॅडमनी ते नुसतं तोंडी शिकवलं होतं. डमी नाही आणि जित्या माणसावर हे करून दाखवत नाहीत, असं म्हणून त्या पुढे गेल्या होत्या. "पण परीक्षक नेमकं तेच विचारतात," मनवा म्हणाली. "करून दाखवा म्हणतात. लॅबमध्ये आज कोणी नाहीये, रतनमावशींकडून किल्ली घेतलीये. तासाभराचं काम. तुला काय, झोपायचंच आहे."

शुभांगीच्या हातात भाकरीचं फडकं होतं. चटणीचा वास येत होता त्याला. बापाच्या तीन हाका तिच्या कानात आत्ता, उशिरा, एकेक करून पोचत होत्या, आणि त्यांच्या जोरावरच असेल, जे ती कधी बोलली नव्हती ते तिने बोलून टाकलं. "सोमवारी माझीपण परीक्षा आहे मनवा. मी कशाला हात लावलेला नाही वर्षभर. आज तू झोप. मी करते."

मनवाने डोळे मोठे केले आणि मग ती खळखळून हसली. "आई गं! मी? मला नाही जमायचं मेलेलं व्हायला. आणि घरी कळलं ना तर आई फाडून खाईल मला. आमच्याकडे असलं अभद्र चालत नाही."

तुझ्या आईला चालेल का, हे काही मनवाने विचारलं नाही. ते विचारायचं असतं हे तिच्या ध्यानातच आलं नाही, आणि शुभांगीला वाईट याचंच वाटलं. "आणि तुला काय करायचीय प्रॅक्टिस?" मनवा तिच्या गळ्यात हात टाकत म्हणाली. "रोज सगळं तुझ्यावरच तर होतं. तुझ्याइतकं पाठ कुणाला आहे? परीक्षेत मी तुझ्या शेजारीच उभी राहीन. प्लीज ना राहीबाई. तू आमची आहेस की नाही?" आमची आहेस की नाही. रस्त्याने एक एसटी गेली, मग दुसरी. नाही म्हटलं तर यापुढे डबा खाताना काय होईल ते शुभांगीला स्पष्ट दिसत होतं. ती खिडकी, ती पाठ, तो काळा चौकोन. ती उठली.

लॅबमध्ये शनिवारची कलती दुपार पसरली होती. खिडक्यांचे खालचे अर्धे भाग पांढऱ्या रंगाने रंगवलेले, त्यातून दुधट उजेड येत होता. मैत्रेयी आणि आणखी दोघीतिघी ट्रॉली मांडून तयार होत्या. रतनबाई झाडू भिंतीला टेकवून दारात उभ्या राहिल्या. खाटेवर चढणाऱ्या शुभांगीला बघून त्यांनी विचारलं, "काय करायचंय आज?" मैत्रेयीने सांगितलं. "जित्या मानसावर नका करू गं बायांनो," त्या म्हणाल्या. "हे बरं न्हाई." मनवा म्हणाली, मावशी, परीक्षा आहे. त्या झाडू घेऊन निघून गेल्या. परीक्षा म्हटल्यावर त्या तरी काय बोलणार.

शुभांगीने डोळे मिटले. नमस्काराची वाट बघत ती पडून राहिली, इतकी सवय झाली होती. "नमस्कार म्हणायचा का गं आधी?" मैत्रेयीचा आवाज आला. "मेलेल्याला कशाला नमस्कार?" मनवा म्हणाली. "वाच पुढचं." आणि कुणी काही न सांगता, नाव न सांगता, एक हात तिच्या कपाळावर आला. पापण्यांवर कापसाचे ओले बोळे ठेवले गेले. गार होते, त्यांचं पाणी नाकाच्या कडेने उतरलं आणि या वेळी कुणी टिपलं नाही, कारण मेलेल्या पेशंटचे डोळे टिपायचं पुस्तकात नव्हतं. चेहरा पुसला. हात पुसले, बोटांच्या बेचक्यातून. किती नीट करत होत्या! एवढ्या हळुवारपणे त्यांनी तिला कधीच हात लावला नव्हता. बोलणंही आपोआप खाली आलं होतं, कुजबुजीवर. शुभांगीला वाटलं, आत्ता या खोलीत माझ्यावर सगळ्यांचं प्रेम आहे, आणि ते खरं होतं. मग हनुवटीखालून बँडेजची पट्टी गेली, गालांवरून वर, डोक्यावर गाठ बसली आणि दातावर दात घट्ट मिटले. पायाचे अंगठे एकत्र बांधले गेले. हात सरळ करून बाजूला ठेवले. आता मला हलता येत नाही, तिने विचार केला, आणि लगेच दुरुस्त केलं, येतं, मी हलत नाही. दोन्हीत काय फरक आहे ते तिला त्या क्षणी नीट सांगता आलं नसतं. छाती वरखाली होत होती का, हे ती लक्ष देऊन बघत होती आणि तिला खात्री होईना.

"लेबल राहिलं," मैत्रेयी म्हणाली. "मनगटाला एक, चादरीवर एक. काय लिहायचं? नाव, वय, वॉर्ड."

"नाव..." मनवाने पेनचं टोपण काढलं. टक असा आवाज झाला. मग ती थांबली. "हिचं खरं नाव काय आहे गं?"

 शुभांगी ओल्या बोळ्यांखालच्या अंधारात ऐकत होती. काहीतरी श वरून आहे ना, एकजण म्हणाली. शीतल? नाही, शीतल ती भिंगारची. मैत्रेयी, तुझ्या खोलीत असते ना ही? "असते ना," मैत्रेयी ओशाळून म्हणाली, "पण आपण राहीबाईच म्हणतो ना सारखं." कुणीतरी फिसकन हसलं, दुसरीने तिला गप्प केलं, मेलेल्या माणसापाशी हसायचं नसतं. आणि शुभांगीच्या ध्यानात आलं की त्यांच्याबरोबर आपणही वाट बघतोय, कुणाला आठवतंय का त्याची.  "जाऊ दे, राहीबाई लिहिते," मनवा म्हणाली. "वय पासष्ट."

पेन कागदाला लागलं तेव्हा शुभांगी उठून बसली. पोरी किंचाळून मागे सरल्या, ट्रॉलीवरची ताटली खणखणत खाली गेली. बोळे मांडीवर पडले. तिने दोन्ही हातांनी बँडेज हनुवटीवरून खाली ओढलं, जबडा दुखत होता, तोंड कोरडं पडलं होतं, आणि आवाज निघाला तो तिला स्वतःला अनोळखी वाटण्याइतका मोठा होता. "शुभांगी," ती म्हणाली. "शुभांगी भाऊसाहेब ससाणे. तिसगाव, तालुका पाथर्डी."

वर्षभर गिळलेलं आडनाव बाहेर पडलं आणि खोलीत राहिलं. दोघीतिघींनी एकमेकींकडे पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. ज्या शब्दाला ती शाळेपासून घाबरत आली होती तो शब्द मनवा म्हणाली. "अच्छा." एवढंच. त्यात राग नव्हता, तुच्छताही नव्हती. एखादी गोष्ट खणात ठेवून खण लावून टाकावा तेवढंच होतं. मग मनवा छातीवर हात ठेवून हसायला लागली, बाकीच्याही हसल्या, भीती ओसरल्यावर हसतात तसं. "कसलं घाबरवलंस गं! हार्ट अटॅक आला असता. बरं, ते राहू दे आता, परीक्षक नाव थोडंच विचारणार आहेत? गाठ बघतात फक्त. झोप परत. सगळी पट्टी सुटली बघ, पहिल्यापासून करावं लागणार."

शुभांगी बसून होती. दार उघडं होतं. पायाचे अंगठे अजून बांधलेले होते, पण ती गाठ ओढली असती तर सुटली असती. तिने डोळ्यांनी नाही, नुसत्या अंगाने शिकलेली गाठ होती ती. सगळ्या खाटेभोवती उभ्या होत्या आणि सगळ्या तिच्याकडे बघत होत्या, प्रेमाने, थोड्या घाईने. मैत्रेयीने उशी थोपटून सारखी केली. मनवाने बँडेज पुन्हा गुंडाळून हातात धरलं. "आटप ना गं," ती लाडाने म्हणाली, आणि या वेळी कुठलंच नाव घेतलं नाही.

शुभांगी मागे टेकली. हात सरळ केले, डोळे मिटले. पट्टी नीट बसावी म्हणून तिने आपणच हनुवटी थोडी वर उचलून धरली.